‘ठसे जुळतात’ या एका वाक्यापुढे काय? अंगुलिमुद्रा तज्ज्ञांना आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळांच्या प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
सर्व अंगुलिमुद्रा तज्ज्ञ आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळांचे प्रमुख यांस,

विषय: अंगुलिमुद्रा व अन्य बायोमेट्रिक पुराव्यांवरील अहवाल न्यायालयाला तपासता येतील अशा स्वरूपात देण्याबाबत.

सादर नमस्कार.

मी फौजदारी खटल्यांत बचाव पक्षाचे काम करणारा वकील आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग तज्ज्ञांचे अहवाल वाचण्यात जातो. शवविच्छेदनाच्या अहवालात जखमांची लांबी, खोली आणि जागा नोंदलेली असते. रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात निदान कोणत्या चाचण्या केल्या ते तरी कळते. अंगुलिमुद्रेचा अहवाल मात्र पुष्कळदा एका वाक्यात आटोपलेला असतो: घटनास्थळावर मिळालेला अमुक क्रमांकाचा ठसा आरोपीच्या उजव्या हाताच्या तर्जनीच्या ठशाशी तंतोतंत जुळतो. त्या वाक्याखाली सही असते, शिक्का असतो आणि अनेक खटल्यांत त्या वाक्यापाशीच निकाल ठरून गेलेला असतो. न्यायाधीश त्यावर प्रश्न विचारत नाहीत, सरकारी वकिलांना विचारण्याची गरज वाटत नाही आणि बचावाच्या वकिलांपैकी बहुतेकांना काय विचारावे हेच ठाऊक नसते.

आपण त्या वाक्यापर्यंत कसे पोहोचलात हे अहवालातच दिसावे, ही माझी आपल्याला विनंती आहे. चान्स प्रिंटमध्ये, म्हणजे घटनास्थळावर मिळालेल्या ठशात, आपल्याला काय दिसले, ते आरोपीचा ठसा पाहण्यापूर्वी दिसले की नंतर, ज्या जागी दोन ठसे वेगळे दिसतात तेथे आपण काय समजून घेतले, दुसऱ्या तज्ज्ञाने पडताळणी केली तेव्हा त्याला आपला निष्कर्ष आधीच माहीत होता का, आणि आपल्या मताला किती वजन द्यावे असे आपल्याला स्वतःला वाटते, या गोष्टी लिहिल्या गेल्याच पाहिजेत. ही मागणी आपल्या शास्त्रावरील अविश्वासातून आलेली नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो.

या शास्त्राचा पाया भक्कम आहे. गर्भाच्या साधारण दहाव्या आठवड्यापासून बोटांच्या त्वचेखाली रेषा उमटू लागतात आणि जन्माच्या कितीतरी आधी त्यांची रचना कायमची ठरून जाते. ती ठरताना आनुवंशिकतेबरोबरच बोटाच्या टोकावरील उंचवट्याचा आकार, त्वचेच्या वाढीचा वेग आणि त्या क्षणीचे बारीकसारीक ताण यांचाही वाटा असतो. म्हणूनच एकाच फलित बीजातून जन्मलेल्या जुळ्यांचा डीएनए जवळपास एकसारखा असला तरी बोटांचे ठसे वेगळे असतात. वरवरची त्वचा सोलवटली तरी खालच्या थरातून तीच रचना पुन्हा वर येते. 1858 मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका करारावर स्थानिक कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला आणि पुढे अनेक वर्षे त्याच त्याच माणसांचे ठसे घेऊन ते बदलत नाहीत हे पाहिले. 1880 मध्ये हेन्री फॉल्ड्स यांनी ‘नेचर’मध्ये पत्र लिहून गुन्हेगार शोधण्यासाठी ठशांचा उपयोग सुचवला. 1892 मध्ये अर्जेंटिनात दोन मुलांच्या खुनाचा उलगडा दारावरच्या रक्ताळलेल्या ठशावरून झाला. शेजाऱ्यावर आळ घेणारी आईच खुनी निघाली आणि एक निरपराध माणूस वाचला. 1897 मध्ये कलकत्त्यात अंगुलिमुद्रा केंद्र सुरू झाले. ठशांच्या ज्या वर्गीकरणाला बंगालचे तत्कालीन पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांचे नाव मिळाले, त्याचे गणित अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांनी बसवले होते. त्यांचा उल्लेख आजही तळटीपेसारखा होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. शंख, चक्र आणि कमान या आकारांवरून ठशांच्या हजारो नोंदपत्रिकांतून एक पत्रिका काही मिनिटांत हाती लागावी, ही सोय जगाला त्या केंद्रात बसलेल्या माणसांनी दिली. आजही एखाद्या मोठ्या दुर्घटनेनंतर मृतांची ओळख पटवायची असते तेव्हा डीएनए आणि दातांच्या नोंदींबरोबर बोटांचे ठसे हेच पहिल्या दर्जाचे साधन मानले जाते, आणि आपल्यापैकी कोणीतरी विदीर्ण देहांसमोर तासन्‌तास उभे राहून ते काम करत असते.

परंतु बोट अद्वितीय असणे ही एक गोष्ट झाली आणि त्या बोटाने सोडलेला डाग वाचता येणे ही दुसरी. न्यायालयात आपल्याला विचारला जाणारा प्रश्न नेहमी दुसऱ्या गोष्टीचा असतो आणि उत्तर मात्र बहुधा पहिल्या गोष्टीच्या आधारे दिले जाते. जगात दोन माणसांचे ठसे सारखे नसतात, असे साक्षीत सांगितले की ऐकणाऱ्याला वाटते, विषय संपला. पोलीस ठाण्यात शाई लावून, बोट एका नखाच्या कडेपासून दुसऱ्या नखाच्या कडेपर्यंत नीट फिरवून घेतलेल्या ठशात शंभरच्या आसपास सूक्ष्म खुणा, म्हणजे रेषा संपण्याच्या किंवा तिला फाटा फुटण्याच्या जागा, मिळू शकतात. कपाटाच्या मुठीवर, बाटलीच्या वळणावर किंवा ओलसर प्लॅस्टिकवर मिळालेल्या ठशात त्यातल्या किती उरतात, हे माझ्यापेक्षा आपण अधिक जाणता. तिथे बोट सरकलेले असते, दाब कमीजास्त पडलेला असतो, खालच्या पृष्ठभागाची नक्षी मध्ये आलेली असते, एकावर एक दोन ठसे पडलेले असतात. वर भुकटीचा ब्रश किंचित जास्त फिरला की रेषांमधल्या खाचा भरून जातात.

एका खटल्यात माझ्या हाती आलेला तक्ता मी बराच वेळ भिंगाखाली धरून पाहिला होता. डावीकडे चान्स प्रिंट, उजवीकडे आरोपीचा ठसा, दोन्ही बरेच मोठे करून छापलेले आणि त्यांच्यातून बाहेर काढलेल्या लाल रेषांच्या टोकांना एकापासून आठपर्यंत आकडे. पहिल्या चार खुणा माझ्यासारख्या बिनसरावाच्या डोळ्यालाही पटत होत्या. पाचव्या जागी उजवीकडच्या ठशात एका रेषेला स्वच्छ फाटा फुटलेला होता. डावीकडे त्याच जागी एक रेषा शेजारच्या रेषेच्या अगदी जवळ येऊन संपल्यासारखी दिसत होती आणि मधल्या बारीक फटीत भुकटीचे दोन-तीन ठिपके होते. कमी दाबाखाली फाटा तुटून संपलेल्या रेषेसारखा दिसू शकतो आणि जास्त दाबाखाली संपलेली रेषा शेजारणीला चिकटून फाट्यासारखी दिसू शकते, हे आता मला माहीत आहे. त्यामुळे पाचवी खूण जुळते असे म्हणणे चुकीचेच होते असा माझा दावा नाही. ते म्हणण्यासाठी एक अर्थ लावावा लागला होता, आणि तो लावल्याची एकही नोंद अहवालात नव्हती. सातवी आणि आठवी खूण ठशाच्या कडेला, जिथे रेषा जवळजवळ धुरकट होतात तिथे होती. त्यांच्या पलीकडे एक पट्टा असा होता की जिथे दोन ठशांत काहीच मेळ दिसत नव्हता; त्या पट्ट्यातून एकही लाल रेषा निघालेली नव्हती. तक्त्यात जुळणाऱ्या जागा दाखवायच्या आणि न जुळणाऱ्या सोडून द्यायच्या, अशी पद्धत पडली असेल तर ती पाहणाऱ्याची दिशाभूल करते, मग करणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

हे किती महागात पडू शकते याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. तरीही ते तपशिलात सांगतो, कारण माझ्या प्रत्येक विनंतीचे कारण त्यात आहे. 11 मार्च 2004 रोजी माद्रिदमध्ये लोकल गाड्यांत स्फोट झाले आणि 190 हून अधिक माणसे मारली गेली. स्पेनच्या पोलिसांना एका व्हॅनमध्ये डिटोनेटर असलेली निळी प्लॅस्टिकची पिशवी सापडली आणि तिच्यावरच्या ठशांची डिजिटल छायाचित्रे अमेरिकेच्या एफबीआयकडे गेली. तिथल्या संगणकाने कोट्यवधी ठशांतून वीस उमेदवारांची यादी दिली. त्या यादीत चौथ्या क्रमांकावर ऑरेगन राज्यातील एका वकिलाचे नाव होते, ज्याचे ठसे पूर्वीच्या लष्करी सेवेमुळे नोंदलेले होते. एका अनुभवी तज्ज्ञाने ठसा त्याचाच असल्याचे मत दिले, दुसऱ्याने ते पडताळले, विभागप्रमुखाने मान्य केले आणि पुढे न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. एप्रिलच्या मध्यालाच स्पेनच्या पोलिसांनी ठसे जुळत नाहीत असे कळवले होते. तरी 6 मे रोजी त्या वकिलाला ताब्यात घेण्यात आले आणि सुमारे दोन आठवडे तो कोठडीत राहिला. शेवटी स्पेनने तो ठसा एका अल्जीरियन नागरिकाचा असल्याचे सांगितले, तेव्हा एफबीआयला आपला निष्कर्ष मागे घेऊन माफी मागावी लागली. 2006 मध्ये 20 लाख डॉलर भरपाई द्यावी लागली.

अमेरिकेच्या न्याय विभागाच्या महानिरीक्षकांनी या चुकीची जी चिकित्सा केली, ती प्रत्येक प्रयोगशाळेत नव्या तज्ज्ञाला पहिल्या आठवड्यात वाचायला द्यावी अशी आहे. दोन ठशांमध्ये खरोखरच असामान्य साम्य होते, हे त्यांनी मान्य केले. एवढ्या प्रचंड साठ्यात शोध घेतला की दुसऱ्या कुणाचा तरी अतिशय जवळचा ठसा सापडण्याची शक्यता वाढते. त्यापुढची गोष्ट अधिक गंभीर होती. सुरुवातीला काही खुणा जुळल्यावर तज्ज्ञांनी त्या वकिलाच्या ठशाकडे पाहून चान्स प्रिंटमध्ये आणखी खुणा शोधल्या. धूसर जागी त्यांना त्याच दिसल्या ज्या दुसऱ्या ठशात स्पष्ट होत्या. ठशाच्या वरच्या डाव्या भागातला ठळक फरक बोट दुसऱ्यांदा टेकले असेल अशा स्पष्टीकरणाने बाजूला सारला गेला. पहिले मत देताना त्या माणसाचा धर्म तज्ज्ञांना माहीत नव्हता. पण नंतर तो कळल्यावर, आणि त्याचा पूर्वीचा एक अशील दहशतवादाच्या खटल्यातला होता हे कळल्यावर, फेरविचार करण्याची तयारी कमी झाली असावी, असेही त्या अहवालात नोंदले आहे. हे तज्ज्ञ नवखे, आळशी किंवा विकले गेलेले नव्हते. आपल्या क्षेत्रातली ती उत्तम माणसे होती, आणि मला सर्वाधिक अस्वस्थ करते ते हेच.

विश्लेषण, तुलना, मूल्यमापन आणि पडताळणी हा क्रम आपण सर्वजण मानता. माझी पहिली विनंती त्यातल्या पहिल्या पायरीबद्दल आहे. आरोपीची पत्रिका समोर येण्यापूर्वी चान्स प्रिंटचे विश्लेषण पूर्ण करावे, दिसलेल्या खुणा प्रतिमेवर नोंदवून त्यावर तारीख आणि वेळ टाकावी, आणि तुलनेनंतर एखादी खूण वाढवली किंवा बदलली तर ती वेगळ्या रंगात दाखवावी. खूण बदलणे हा दोष मानू नये. कधीकधी दुसरा ठसा पाहूनच पहिल्यातली विकृती समजते. पण बदल दिसला पाहिजे, म्हणजे किती निष्कर्ष ठशातून आला आणि किती अपेक्षेतून आला याचा अंदाज इतरांना घेता येईल. माद्रिदच्या प्रकरणानंतर खुद्द एफबीआयने आपल्या पद्धतीत या दिशेने बदल केले.

अपेक्षेचा हा प्रभाव कल्पनेतला नाही. 2006 मध्ये माणसाच्या निर्णयप्रक्रियेचा अभ्यास करणारे संशोधक इटिएल ड्रोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच अनुभवी तज्ज्ञांना त्यांनी स्वतःच काही वर्षांपूर्वी जुळतात असे ठरवलेली ठशांची जोडी पुन्हा देण्यात आली. मात्र ही माद्रिद प्रकरणात चुकून जुळवली गेलेली जोडी आहे असे त्यांना सांगण्यात आले. ठशाखेरीज बाकी काही लक्षात घेऊ नका, असेही बजावले होते. पाचपैकी चौघांनी आपले मत बदलले. पाच जणांचा प्रयोग लहान आहे, आणि त्यावरून सर्व तज्ज्ञांबद्दल काही ठरवणे मलाही मान्य नाही. परंतु तेच डोळे, तेच ठसे आणि बदललेले उत्तर हे चित्र कोणत्याही प्रयोगशाळा प्रमुखाला विचारात पाडायला पुरेसे असावे. म्हणून आरोपीने कबुली दिली आहे, मुद्देमाल सापडला आहे, वरिष्ठ अधिकाऱ्यांचा रोज फोन येत आहे, अशी माहिती तपास अधिकाऱ्याच्या पत्रातून थेट तज्ज्ञाच्या टेबलावर पोहोचू नये अशी व्यवस्था करावी. पत्र स्वीकारणारा आणि ठसा पाहणारा माणूस वेगळा असला तरी बरेच काही साधते. पडताळणी करणाऱ्यालाही पहिल्या तज्ज्ञाचे मत कळू नये. खाली वरिष्ठाची सही असलेला निष्कर्ष समोर ठेवून ‘पाहून सही करा’ म्हटले जाते तेव्हा जे होते त्याला पडताळणी म्हणणे कठीण आहे.

या विनंतीच्या बाजूने आपल्याच व्यवसायातला पुरावा आहे आणि तो आपल्या बाजूचाही आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एफबीआय प्रयोगशाळेचा सहभाग असलेल्या मोठ्या चाचणीत 169 तज्ज्ञांना प्रत्येकी सुमारे 100 जोड्या दिल्या होत्या, ज्यांचे खरे उत्तर संशोधकांना ठाऊक होते. वेगवेगळ्या व्यक्तींचे ठसे एकाच व्यक्तीचे असल्याचे मत सुमारे 0.1 टक्के वेळा दिले गेले. अशी चूक पाच तज्ज्ञांच्या हातून झाली. एकाच व्यक्तीचे ठसे असताना ते वेगळे असल्याचे मत मात्र सुमारे 7.5 टक्के वेळा दिले गेले आणि 85 टक्के तज्ज्ञांकडून अशी एक तरी चूक झाली. म्हणजे आपण चुकता तेव्हा बहुधा निरपराधाला गोवण्याऐवजी खरा माणूस हातून निसटण्याच्या बाजूने चुकता. त्याहून महत्त्वाचे असे की चुकीची जुळणी केलेल्या त्याच जोड्या इतर तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे पाहिल्या तेव्हा त्यांतली प्रत्येक चूक उघड झाली. आंधळी पडताळणी, म्हणजे पहिले मत न कळता केलेली पडताळणी, उपयोगी पडते याचा यापेक्षा चांगला दाखला मला ठाऊक नाही.

तरीही 0.1 टक्के म्हणजे शून्य नव्हे. 2016 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार परिषदेने ही पद्धत मूलतः शास्त्रशुद्ध असल्याचे मान्य केले, आणि त्याच वेळी चुकीच्या जुळणीचे प्रमाण एका अभ्यासानुसार 306 मध्ये एक आणि दुसऱ्यानुसार 18 मध्ये एक इतके असू शकते, याची जाणीव न्यायालयांना दिली पाहिजे असे सांगितले. हे कमाल मर्यादेचे आकडे आहेत आणि दुसऱ्या अभ्यासातल्या काही चुका नोंदणीतल्या असू शकतील, हेही खरे. परंतु साक्षीच्या पिंजऱ्यातून ‘या पद्धतीत चूक होऊच शकत नाही’ असे वाक्य जेव्हा मी ऐकतो, तेव्हा सांगणाऱ्याने हे आकडे वाचलेले नाहीत की वाचून बाजूला ठेवले आहेत, हे मला कळेनासे होते. माणसाच्या हातून झालेली चूक ही पद्धतीची चूक नव्हे, असा बचाव काही जण करतात. ज्या पद्धतीत अखेरचा निर्णय माणसाचा डोळा देतो, त्या पद्धतीत हा भेद आरोपीच्या काय कामाचा?

किती खुणा जुळल्या म्हणजे पुरे, या जुन्या वादात मी फार शिरत नाही. फ्रान्सचे न्यायवैद्यक तज्ज्ञ एडमंड लोकार्ड यांनी बाराचा आकडा मांडला, इंग्लंडने दीर्घकाळ सोळा मानले आणि 2001 मध्ये ती अट सोडून दिली. 1973 मध्ये ओळख पटवणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान संख्येला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले. आकडा हे उत्तर नाही हे मला पटते, कारण ठशाच्या मध्यभागी आढळणारी एखादी दुर्मीळ रचना काठावरच्या चार सामान्य खुणांपेक्षा अधिक सांगून जाते. पण आकडा सोडून दिल्यावर त्याच्या जागी काय आले? अनेक ठिकाणी ‘माझा अनुभव’ एवढेच आले. ही पोकळी भरण्यासाठी साम्याचे वजन संख्येत किंवा निदान ठरलेल्या पायऱ्यांत मांडण्याच्या पद्धती तयार झाल्या आहेत: दोन्ही ठसे एकाच बोटाचे असतील तर असे साम्य दिसण्याची शक्यता किती आणि वेगळ्या बोटांचे असतील तर किती, यांचे गुणोत्तर सांगायचे. डीएनएचे तज्ज्ञ वर्षानुवर्षे असेच बोलतात आणि त्यामुळे त्यांच्या पुराव्याचे मोल कमी झालेले नाही. जिथे अशी गणना करण्याची साधने नाहीत तिथे ‘भक्कम आधार’, ‘मध्यम आधार’, ‘निष्कर्ष काढता येत नाही’ अशा शब्दांच्या पायऱ्या तरी व्याख्येसह ठरवता येतील. ठसा तुलनेलायक नाही असे म्हणण्याचे धैर्य दाखवणाऱ्या तज्ज्ञाकडे निकामी माणूस म्हणून पाहिले जाऊ नये, ही जबाबदारी प्रमुखांची आहे.

आता यंत्राबद्दल. ठशांच्या स्वयंचलित शोधप्रणाली, चेहरा ओळखणारे सॉफ्टवेअर, बुबुळांचे स्कॅनर हे सारे एका ‘बायोमेट्रिक’ नावाखाली येऊ लागले आहे आणि त्यामुळे एक गैरसमज न्यायालयांतही मूळ धरतो आहे. फोन उघडताना आपले बोट आपणच नोंदवलेल्या बोटाशी ताडून पाहिले जाते. बोट जिवंत असते, समोर असते, नीट उमटले नाही तर पुन्हा ठेवता येते. घटनास्थळाचा ठसा एकदाच मिळतो, अपुरा मिळतो आणि तो लाखो-कोट्यवधी अनोळखी लोकांशी ताडला जातो. पहिल्या कामातले यश दुसऱ्या कामाच्या खात्यावर जमा करता येत नाही. यंत्र जो गुणांक देते तो त्या साठ्यातल्या इतरांच्या तुलनेतला क्रम असतो. ठसा त्याच माणसाचा असण्याची टक्केवारी त्याला म्हणता येत नाही, आणि ज्याचा ठसा साठ्यातच नाही त्याचे नाव यंत्र कधीच सुचवू शकत नाही. तरीही कुणा ना कुणाला ते पहिला क्रमांक देतेच. म्हणून संशयिताचे नाव यंत्राच्या शोधातून पुढे आले असेल तर अहवालात तसे स्पष्ट लिहावे, यादीत तो कितव्या स्थानी होता तेही लिहावे आणि यादी जपून ठेवावी. ज्याचे नाव इतर पुराव्यावरून आधीच पुढे आले होते अशा माणसाशी झालेली जुळणी आणि कोट्यवधींतून चाळून काढलेल्या माणसाशी झालेली जुळणी यांचे वजन सारखे नसते.

चेहऱ्याच्या बाबतीत तर अधिक सावध राहायला हवे. 2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने तपासलेल्या अनेक प्रणालींमध्ये आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांसाठी चुकीच्या जुळणीचे प्रमाण गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा दहा ते शंभर पटींपर्यंत जास्त आढळले होते, आणि अशा जुळणीवरून निरपराध माणसांना अटक झाल्याची प्रकरणे त्यानंतर समोर आली. अंगुलिमुद्रेच्या क्षेत्राने शंभर वर्षांत मिळवलेली प्रतिष्ठा या नव्या साधनांना विनासायास मिळू नये, हे सांगण्याचा अधिकार सर्वांत आधी आपल्याला आहे.

आणखी एक गोष्ट आपण विचारल्याशिवाय सांगत नाही, ती अहवालात लिहावी अशी इच्छा आहे. ठसा कुणाचा हे समजले तरी तो केव्हा पडला हे खात्रीने सांगण्याची पद्धत आज नाही. हलवता येणारी वस्तू, पूर्वी त्या जागी येण्याजाण्याची मुभा असलेला माणूस, अशा प्रकरणांत खटल्याचा सारा भार नेमका याच प्रश्नावर असतो आणि ‘जुळतो’ या शब्दाच्या वजनाखाली तो दबून जातो.

प्रमुखांसाठी विशेष म्हणून स्कॉटलंडचा उल्लेख करतो. 1997 मध्ये एका खुनाच्या घरातील दाराच्या चौकटीवरचा ठसा एका महिला पोलीस अधिकाऱ्याचा असल्याचे तिथल्या चार तज्ज्ञांनी सांगितले. मी त्या घरात पाऊल ठेवलेच नाही असे ती शपथेवर सांगत राहिली, म्हणून तिच्यावर खोट्या साक्षीचा खटला चालला. 1999 मध्ये ती निर्दोष सुटली. 2011 मध्ये न्यायिक चौकशीचा अहवाल आला, त्यात ती ओळख चुकीची होती आणि चूक मानवी होती असे ठरले. त्याच खून खटल्यात आरोपीच्या घरी मिळालेल्या डब्यावरचा ठसा मृत महिलेचा असल्याचे मतही चुकीचे होते, असे त्याच चौकशीत निष्पन्न झाले. अंगुलिमुद्रेचा पुरावा वस्तुस्थिती म्हणून न मांडता मत म्हणून मांडावा, ही त्या अहवालाची प्रमुख शिफारस. सत्य बाहेर यायला चौदा वर्षे लागली, याचे एक कारण संस्थेने आपल्या माणसांच्या मागे उभे राहणे हेच कर्तव्य मानले हे होते, असे मला वाटते. चूक मान्य करणाऱ्या तज्ज्ञाची नोकरी धोक्यात येणार असेल तर चुका कमी होत नाहीत. त्या फक्त कपाटात जातात. नेहमीच्या प्रकरणांत, तज्ज्ञाला न कळता, खरे उत्तर माहीत असलेले ठसे मिसळून गुणवत्ता तपासण्याची पद्धत अमेरिकेतील ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेने राबवून दाखवली आहे. परीक्षा आहे हे सांगून घेतलेल्या परीक्षेपेक्षा तिची किंमत कितीतरी अधिक आहे.

या सगळ्याला वेळ लागतो, माणसे लागतात आणि आपल्या टेबलांवर आधीच थकीत प्रकरणांचे ढीग आहेत, याची मला जाणीव आहे. म्हणून प्रत्येक ठशासाठी सारखीच मेहनत मी मागत नाही. जिथे ठसा स्वच्छ आहे तिथे थोडक्यात लिहावे. जिथे तो अपुरा, विकृत किंवा यंत्राच्या शोधातून जुळलेला आहे आणि त्याच्याखेरीज दुसरा पुरावा जवळपास नाही, तिथे वर मागितलेली प्रत्येक गोष्ट व्हावी. आणि एक गोष्ट मात्र सर्वच प्रकरणांत, ती करायला फारसा वेळही लागत नाही: चान्स प्रिंटची मूळ, न सुधारलेली प्रतिमा, उचललेला ठसा, त्यावर केलेल्या प्रत्येक डिजिटल प्रक्रियेची नोंद आणि विश्लेषणाच्या वेळची टिपणे जपून ठेवावीत आणि बचाव पक्षाने मागितल्यास त्यांच्या प्रती द्याव्यात. सध्या मला बहुतेक वेळा छायाप्रतीची छायाप्रत मिळते, ज्यात काळ्या डागापलीकडे काहीच दिसत नाही. दुसऱ्या तज्ज्ञाला ती दाखवली की तो नम्रपणे परत करतो. माद्रिदचा तो ठसा स्पेनच्या पोलिसांनी स्वतः पुन्हा पाहिला, त्यांच्याकडे तो पाहण्याजोग्या स्थितीत होता, म्हणून तो वकील घरी जाऊ शकला.

या पत्राला आपल्यापैकी कुणी उत्तर देणार असेल, माझ्या समजुतीतल्या तांत्रिक चुका दाखवणार असेल किंवा आपल्या प्रयोगशाळेत यातले काय आधीच सुरू आहे ते सांगणार असेल, तर मला ते मनापासून वाचायचे आहे.

आपला विश्वासू,
एक फौजदारी वकील